माझ्या आवाजातलं 'ये'

१

"काकू, हे घरी करायच्या भानगडीत पडू नका," मोबाईलवाला म्हणाला. "व्हिडिओत सोपं दिसतं. आत केसाएवढी पट्टी असते. ती तुटली की सगळंच गेलं."

मी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं मी चष्म्यांना काचा बसवते आहे. तिळाएवढे स्क्रू डोळे मिटून फिरवीन. आणि हा मला काचेची भीती घालतोय. पण मी ऐकून घेतलं, कारण दुकानातच द्यायचं ठरवलं तर काय, हेही मला विचारायचं होतं.

"तुमच्याकडे दिला तर आतलं सगळं जसंच्या तसं राहील ना?"

"राहायला पाहिजे. पण खात्री देणार नाही. कधीकधी सगळं पुसून नव्याने चालू करावं लागतं." त्याने टॅबलेट हातात घेऊन तडा निरखला. "आहे काय एवढं आत? फोटो?"

"आवाज आहे."

"कुणाचा?"

"माझा."

तो हसला. "मग झालं तर! तुम्ही इथेच आहात की काकू. पुन्हा भरा."

मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते. त्याने टॅबलेट काउंटरवर पालथा ठेवला आणि तडा गेलेल्या काचेचं कसं असतं ते मला समजावून सांगू लागला. तिला बोट नसतानाही बोट लागल्यासारखं वाटतं, आपोआप बटणं दाबली जातात, नवी काच बसवली की थांबतं. तो बोलत असतानाच टॅबलेट म्हणाला, "नको."

स्वच्छ माझ्या आवाजात. मोबाईलवाल्याने खाली पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बरं, नको तर नको," तो म्हणाला आणि टॅबलेट माझ्याकडे सरकवला. "पण घरी उघडू नका एवढं ऐका माझं."

मी काहीच बोलले नव्हते, हे त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

२

ह्यांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तशी वाचा होतीच किती म्हणा. उभा जन्म छापखान्यात काढलेला माणूस. तिथल्या धडधडाटात बोलून उपयोग नसतो, म्हणून हातवारे करायची सवय, तीच घरीही. लग्नानंतर पहिला महिनाभर मला वाटत होतं की माझं काहीतरी चुकतंय. मग कळलं, माणूसच अबोल आहे. संध्याकाळी घरी आले की बूट काढता काढता एक शब्द बोलायचे, "दमलो." एवढ्यावर रात्रीचं जेवण होईपर्यंत भागायचं.

इस्पितळात वाचा शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. आम्ही त्यांना शब्दबाई म्हणायचो. त्यांनी टॅबलेटवर सोळा चौकोन मांडून दिले, प्रत्येकात एक चित्र. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येणार. आवाज घरातलाच हवा, परका नको, असं त्या म्हणाल्या. घरात मी एकटी. मुलगी लग्न करून दूर गेलेली.

"त्यांच्या तोंडचे शब्द आहेत असं समजून बोला हं," शब्दबाई म्हणाल्या.

मी भराभर बोलत सुटले. पाणी. भूक. उशी. नको. पुरे. दमले. झोपते.

"दमले?" शब्दबाई थांबल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'दमलो' म्हणायचं होतं. पण बाईमाणसाच्या तोंडात येणार काय, 'दमले'च. मी जीभ चावली. आणि पलंगावरून एक विचित्र आवाज आला. हे हसत होते. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसत होते, आजारपणानंतर पहिल्यांदा. मी शब्द पुन्हा भरायला निघाले, तर ह्यांनी डावा हात लांब करून 'नको'चा चौकोन दाबला. तीनदा दाबला.

तेव्हापासून चौदा महिने माझा नवरा माझ्या आवाजात 'दमले' आणि 'झोपते' म्हणत राहिला. मुलगी फोनवर म्हणायची, "बरंय, तुम्ही दोघी मजेत आहात ना?" आयुष्यभरात बोलले नसतील तेवढं हे त्या चौदा महिन्यांत बोलले. टॅबलेटला आम्ही पाटी म्हणायचो. सकाळी डोळे उघडले की पाटी मांडीवर लागायची.

हाकेचा चौकोन भरताना मात्र मी विचार करून बोलले होते. ह्यांना मी जन्मात 'ये' म्हटलं नाही, 'या' म्हणते. पण हाक मारणार ते, जाणार मी. म्हणून 'ये'. माझ्याच आवाजात मला कुणीतरी अगं-तुगं करतंय, याची सवय व्हायला आठवडा लागला.

३

पाटी पडली ती ह्यांच्या हातून. पलंगाच्या कडेवर आपटली आणि उजव्या वरच्या कोपऱ्यापासून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. पाणी, नको आणि ये, हे तीन चौकोन त्या तड्यात सापडले. वरच्या कोपऱ्यातली एक पट्टी तर मेलीच, तिथे बोट ठेवलं तरी काही होईना.

मी म्हटलं, "काळजी करू नका. काच मागवते, मीच बसवते." दुकानात पाटी दोन दिवस ठेवून घेतली तर हे तेवढे दिवस मुके. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या हाताचा गर्व होता.

मग पाटी आपली आपणच बोलायला लागली. पहिल्या दिवशी "ये" ऐकून मी धावत आतल्या खोलीत गेले, तर ह्यांनी तळहात वर केला. मी नाही, म्हणून. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा तळहात. पाटी मांडीवर, हात बाजूला, आणि माझा आवाज म्हणतोय, पाणी, पाणी, नको. आम्ही दोघंही हसलो. "वेड लागलंय हिला," मी म्हटलं. तिसऱ्या दिवसापासून मी धावायची थांबले. आठवड्याभरात तर जागेवरूनच उत्तर द्यायला लागले, "आले, आले."

आपली भाषाही मोठी सोयीची आहे. कुणी हाक मारली तर 'येते' म्हणत नाही आपण, 'आले' म्हणतो. उठायच्या आधीच पोचलेले असतो.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजून गेले होते. ह्यांच्या आजारपणापासून चष्म्याच्या दुकानाचे मालक काम घरी पाठवतात. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, तिथे बसून मी एक बिनकडांचा चष्मा जोडत होते. त्यात भोक पाडलेल्या काचेतूनच स्क्रू जातो. मध्येच हात काढला तर काचेचा टवका उडतो. आतून आवाज आला, "ये."

"आले," मी म्हटलं.

"ये."

"आले हो, आले."

मग पाणी. मग नको. मग पुन्हा ये. मग काही नाही.

मी स्क्रू घट्ट केला. काच पुसली. चष्मा डबीत ठेवला. हात धुतले. मग आत गेले. वीस मिनिटं झाली असतील. ह्यांचा डावा हात पाटीवर होता. पण तो नेहमी पाटीवरच असायचा.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले असतील, काही कळलंही नसेल. भेटायला आलेल्या सगळ्यांना मी तेच सांगितलं. पाटीने मला हाक मारली होती, हे कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. तो चष्मा कुणाचा होता, तेही आता आठवत नाही.

नवी काच ते गेल्यावर चौथ्या दिवशी आली.

४

दोन महिने ती काच कपाटात पडून होती. पाटी मी ह्यांच्या पलंगाजवळच ठेवली, चार्जरला लावून. कशाला, असं मुलगी विचारायची. मी म्हणायची, "राहू दे गं, नाहीतर बॅटरी खराब होते."

पाटी बोलायची. दुपारी चारच्या सुमाराला जास्त. त्या वेळी खोलीत ऊन येतं, काच तापते, फुगते, तडा ताणला जातो, एवढं मला कळतं. ह्यांनाही चार वाजताच पाणी लागायचं, हाही योगायोगच. "पाणी," आतून आवाज यायचा आणि मी बाहेर चष्म्याच्या दांड्या वाकवत बसलेली असायची. एकदा मी खरंच पेला भरून आत नेला. मग तो तसाच परत आणून कुंडीत ओतला.

शब्दबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. "पाटी जपून ठेवा हं. वरच्या कोपऱ्यात तीन रेघा आहेत बघा. तिथे बोट ठेवलं की यादी उघडते. त्यांनी कुठल्या दिवशी, किती वाजता, काय म्हटलं, सगळं राहतं त्यात. पुढे कधीतरी तुम्हाला बरं वाटेल वाचून."

वरचा कोपरा. तोच, मेलेल्या पट्टीतला.

फोन ठेवला आणि मी खुर्चीवर बसून राहिले. म्हणजे ती वीस मिनिटं आत लिहिलेली आहेत. तड्याचं बोलणं मला आता पाठ झालं होतं. तो पाणी, नको, ये असं विखरून बोलतो, त्याला कशाचं काही नसतं. माणूस बोलवत असला तर एकच शब्द धरून बसेल. मला ऐकू आलं ते पाच-सहा वेळा. मी काच पुसत होते, नळ चालू होता, तेव्हा काय काय ऐकू आलं नाही, ते यादीत असेल. काच बदलायची, तीन रेघांवर बोट ठेवायचं, की कळणार. त्यांनी मला बोलावलं होतं का.

काच स्वतः बसवायची की दुकानात द्यायची, एवढाच प्रश्न होता असं मी स्वतःला सांगत होते. दुकानात दिली आणि त्याने सगळं पुसलं, तर यादी गेली. घरी करताना पट्टी तुटली, तरी यादी गेली. यादी गेली तर आपण सुटलो, हेही एकदा मनात येऊन गेलं. इतकी लाज वाटली त्याची, की त्या दिवशी मी जेवले नाही.

आणि दुसरंही एक होतं. नवी काच बसली की पाटी बोलायची थांबणार. माझाच आवाज, ठाऊक आहे मला. माझ्या आवाजाला मी कशाला मुकणार? तरीही दुपारी चार वाजता घर अगदी गप्प झालं, तर मी त्या घरात काय करायचं, ते मला सुचत नव्हतं.

५

मोबाईलवाल्याकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. पाटी पलंगाजवळच्या स्टुलावर उताणी होती. ती म्हणाली, "दमलो."

मी घडी घालून टॉवेल ठेवला. दुसरा उचलला. मग हात थांबले.

दमले नाही. दमलो.

माणसाचे कान त्याला हवं ते ऐकतात, हे काही मला कुणी शिकवायला नको. मी पाटी हातात घेतली. 'दमले'चा चौकोन उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे. तडा तिथवर जातच नाही. आजवर पाटी आपणहून जे काही बोलली, ते तड्यातल्या तीन चौकोनांचं बोलली होती. मी 'दमले'वर बोट ठेवलं.

"दमले," माझा आवाज म्हणाला.

पुन्हा ठेवलं. दमले. पुन्हा. दमले. वीस वेळा मी तो चौकोन दाबला आणि वीस वेळा त्याने 'दमले' म्हटलं. शेवटी माझी मलाच कीव आली. बाई गं, तुला कुणीतरी डॉक्टर गाठायला हवा, मी स्वतःला म्हटलं आणि कपडे कपाटात ठेवले.

पण मन ऐकेना. शब्दबाईंना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, एका चौकोनात दोन आवाज राहू शकतात का. आधी भरलेला एक, नंतरचा एक?

"छे हो. नवा भरला की जुना जातो. आणि तुम्ही तो पुन्हा भरलाच कुठे? त्यांनी भरू दिला नाही ना!" त्या हसल्या. मग त्यांनीच विचारलं, "बऱ्या आहात ना तुम्ही?"

"अगदी," मी म्हणाले.

शुक्रवारी मुलीचा फोन आला. मी पलंगाच्या कडेवर बसून बोलत होते. तिच्या ऑफिसातलं काहीतरी सांगत होती, कुणीतरी तिचं काम आपल्या नावावर खपवलं होतं. मी हं हं करत होते. शेजारून पाटी बोलली. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. मुलगी बोलता बोलता थांबली.

"आई, एवढी दमलीस? मग सांगायचं ना, मी नंतर केला असता फोन."

"नाही गं, बोल तू."

"आणि 'दमलो' काय?" ती हसत म्हणाली. "बाबांसारखं?"

माझ्या हातातला फोन गरम झाला होता, तो मी दुसऱ्या कानाला लावला. बूट काढता काढता ते म्हणायचे, ते तिलाही आठवत होतं तर.

"आई?"

"चुकून आलं गं तोंडात," मी म्हणाले.

"रडतेस का?"

"हो," मी म्हणाले, कारण ते तरी खरं होतं. मग तीही रडली. इतक्या दिवसांत आम्ही दोघी एकत्र रडलो नव्हतो. ती तिकडे, मी इकडे, आणि मध्ये पाटी गप्प.

फोन ठेवल्यावर मी पाटी उचलून बाहेरच्या टेबलावर आणली. रविवारी काच बसवायची, ठरवून टाकलं. कोण हाक मारत होतं ते मला कळलं पाहिजे होतं. मग जे काय असेल ते असेल.

६

रविवारी सकाळी लख्ख ऊन होतं. मी आंघोळ केली, केस घट्ट बांधले, टेबलावर पांढरा नॅपकिन अंथरला. केस वाळवायचं यंत्र, चिमटा, स्क्रूड्रायव्हर, चष्म्याची काच सोडवायची प्लास्टिकची पातळ पट्टी, सगळं हाताशी मांडलं. दारावरची घंटा बंद केली. नवी काच खोक्यातून काढून उजेडात धरली. एकही ओरखडा नव्हता.

काच डिंकाने चिकटवलेली असते. कडेने गरम हवा द्यायची, डिंक सैल झाला की पट्टी घालून हळूहळू फिरवत जायचं. घाई करायची नाही. मी वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

"पुरे," पाटी म्हणाली.

यंत्राच्या घोंघावण्यातही ते ऐकू आलं. 'पुरे' तड्यापासून लांब आहे. पण आता सगळीच काच तापली होती, तेव्हा कुठलाही चौकोन दाबला जाणारच. मी कड बदलली.

"पुरे. पुरे."

"झालंच," मी म्हणाले. सवयीने म्हणाले. चौदा महिने त्यांचं अंग पुसताना, नखं कापताना हेच म्हणत आले होते.

काच सुटली. ती पुस्तकाच्या पानासारखी वर उचलली, तर खाली ती पट्टी दिसली, मोबाईलवाला म्हणाला होता ती. खरंच केसासारखी होती. आधी मी बॅटरीची जोडणी सोडवली. टिक् असा बारीक आवाज झाला आणि चौकोन विझले. मग पट्टी सोडवली, जुनी काच पूर्ण काढली आणि वर्तमानपत्रावर ठेवली. तडा आता नुसता तडा होता.

घरात एवढी शांतता मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. नळ ठिबकत होता, तोही मोजून. मी भिंग डोळ्याला लावलं. डाव्या हातात नवी काच तोलून धरली, उजव्या हातातल्या चिमट्याने तिची पट्टी खाचेत घालायला घेतली. इथे श्वास रोखून धरायचा असतो. पट्टी अर्धी आत गेली. दोन्ही हात अडकले होते.

आतल्या खोलीतून आवाज आला, "ये."

७

"आले," मी म्हणाले.

म्हणून झालं, आणि मग कळलं. पाटी माझ्या समोर होती. तिची बॅटरी सुटलेली होती, काच वर्तमानपत्रावर होती, ती उघड्या पोटाने नॅपकिनवर पडली होती.

"दमलो," आतून माझा आवाज म्हणाला. थोड्या वेळाने, "ये."

शेजारच्या घरातून येत असेल. भिंती पातळ आहेत. माझ्याच डोक्यात वाजत असेल, दोन महिने ऐकतेय. आधी ही पट्टी बसवू, एवढी अर्ध्यावर आली आहे, आता हात काढला तर तुटेल. हा सगळा विचार मी करून घेतला. अगदी त्या सकाळी केला होता तसाच. आणि तसाच केला हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःची इतकी चीड आली, की मी दोन्ही हात उघडले.

काहीतरी तुटलं. बारीक आवाज झाला. यादी गेली असणार. मी पाहिलं नाही. खुर्ची मागे लोटून उठले आणि आत गेले.

खोलीत कुणी नव्हतं. पलंगावरची चादर मी महिन्यापूर्वी बदलली होती, ती तशीच ताणलेली होती. उशी, स्टूल, चार्जरची मोकळी वायर. मी पलंगाच्या कडेवर बसले. "आले हो," मी म्हणाले. "आले. बघा, उठून आले. सगळं टाकून आले." मग दोन महिने पोटात धरून ठेवलेलं सगळं वर आलं आणि मी लहान मुलासारखी रडले. मला माफ करा, असंही म्हणाले. चौदा महिने एका हाताने, एकेका चौकोनाने बोलणारा माणूस, आणि मला एक स्क्रू हातातून सोडवला नाही त्याच्यासाठी.

रडून झाल्यावर मी त्यांच्या जागी आडवी झाले. इथून काय ऐकू येतं ते मला कधी ठाऊकच नव्हतं. चौदा महिने मी या पलंगापाशी उभी राहिले, वाकले, बसले. निजले कधीच नव्हते.

सगळं ऐकू येतं. नळ ऐकू येतो. खिडकीबाहेरचं रस्त्यावरचं बोलणं ऐकू येतं. बाहेरच्या टेबलावरचा नॅपकिन सरकला, तेही ऐकू आलं. मग बारीक किरकिर. स्क्रू फिरवल्याची. एक वळसा, थांबणं, पुन्हा एक वळसा. ती किरकिर मला माझ्या श्वासासारखी ओळखीची आहे.

दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून टेबलाची एक कड दिसत होती, आणि तिच्यावर टेकलेलं एक कोपर. कोपराशी विरलेली बाही, माझीच. कोपर थोडंसं हललं, जसं स्क्रू घट्ट करताना हलतं.

मला उठायचं होतं. उजवा हात टेकून उठावं म्हटलं, तर उजवा हात कुठे आहे तेच कळेना. छातीवर काहीतरी जड येऊन बसलं होतं. भीती वाटली, खूप वाटली, आणि पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की तिला हाक मारावी. ती दहा पावलांवर आहे. चांगली बाई आहे, येईल. काच राहू दे गं, असं म्हणावं. मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"आले, आले," बाहेरून ती म्हणाली.

किती मायेने म्हणाली. मी वाट पाहिली. कोपर हललं नाही. मग कापड काचेवर घासल्याचा आवाज यायला लागला, गोल गोल, सावकाश.

"आले हो, आले."

नळ सुरू झाला. माझा डावा हात चादरीवर पाटी शोधत होता.